उंची आणि मजुरी

पिंगुळीच्या ठाकरांची कळसूत्री बाहुली जेवढी कोरली तेवढीच राहते. माणसाचे मूल मात्र वाढते, आणि ते किती वाढेल याचा आवाका त्याला आईबापांकडून मिळतो. त्या आवाक्यापर्यंत ते पोचेल की नाही, हे बरेचसे अन्नावर आणि आजारांवर अवलंबून असते. दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वंश काही बदलला नव्हता.

हाड वाढते ते टोकाजवळच्या कूर्चेत. वयात आल्यावर त्या कूर्चेचेही हाड बनते, आणि विशीच्या आतबाहेर वाढ संपते. मग बारला लोंबकळा नाहीतर चूर्ण खा, हाड लांबत नाही. आमच्या सभासदांतले तरणे पोरगे असल्या डब्यांवर पगार उधळतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

खरा काळ आईच्या पोटातला आणि पहिल्या दोन वर्षांचा. तेव्हा सारखी हगवण लागली, आहार अपुरा पडला, तर ती तूट पुढे क्वचितच पुरी भरून निघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

म्हणूनच हा प्रश्न आम्ही मजुरीच्या खात्यात मांडतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना कुटुंबाची तीन प्रौढ पोटे धरली, आणि प्रत्येकी २,७०० उष्मांक. पण उष्मांक नुसत्या भातानेही भरतात. मागणीपत्र लिहिताना डाळ, दूध, अंडी आणि बांगडे यांचा बाजारभाव वेगळा मांडावा, असे आम्ही प्रत्येक शाखेला सांगतो.