बोगदा झाला, परिचारिका कधी येणार?

आमच्या महाविद्यालयातील कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दर महिन्याला ठराविक दोन दिवस गैरहजर राहत असे. रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘घरगुती काम’ एवढेच लिहिलेले असे. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा बराच वेळ तो गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, दादाला घेऊन दवाखान्यात जातो. आईला एकटीला तो आवरत नाही.’’

कशेडी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत त्याचे घर आहे. वडील हयात नाहीत. थोरला भाऊ मुंबईस एका दुकानात नोकरीला होता. तो एके दिवशी अचानक गावी परतला, तो कोणाशी बोलेनासा झाला. रात्र रात्र जागू लागला, कोणी तरी आपल्याविषयी बोलत असल्याचे ऐकू येते असे सांगू लागला. घरच्यांनी प्रथम देवळात कौल लावला, मग भगत झाला. त्यात दीड-दोन वर्षे गेली. अखेर लांबच्या एका सरकारी रुग्णालयात निदान झाले, औषधे सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांत भाऊ माणसांत आला. गुरे सोडू लागला, भातलावणीला उतरला. पुढे त्याचे हात कापू लागले. एका जागी बसवेना, अंगणात सारख्या येरझारा सुरू झाल्या. आईला वाटले, औषध उष्ण पडले. त्यातच पावसाळा लागला, दोन खेपा चुकल्या आणि गोळ्या बंद झाल्या. दिवाळीपूर्वी आजार पुन्हा उलटला.

या हकिगतीत कोणी खलनायक नाही. डॉक्टरांनी निदान अचूक केले, औषध योग्य दिले. आईने मुलासाठी करता येईल ते सर्व केले. तरीही उपचार फसला. हाताचा कंप आणि ती येरझार हे आजाराचे नव्हे, तर औषधाचे परिणाम होते. औषधाची मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ते बहुधा आटोक्यात आले असते. हे ओळखून वेळीच डॉक्टरांच्या कानावर घालणारे माणूस डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये नव्हते. त्या माणसाला वैद्यकाच्या परिभाषेत मनोरुग्ण परिचारिका म्हणतात. प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे.

अंतराचे अर्थशास्त्र

महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी रत्नागिरीचे १८८६ मधील आणि ठाण्याचे १९०१ मधील. कशेडीच्या माणसाला यांतील कोणतेही जवळ नाही. दोन्हीकडचे अंतर दीडशे किलोमीटरांच्या घरात किंवा त्याहून अधिक. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, तेही शंभर किलोमीटरांपलीकडे. पोलादपूर हा रायगडचा दक्षिण टोकाचा तालुका. घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. सीमेवरच्या मुलखाच्या वाट्याला जे येते तेच याच्याही वाट्याला आले आहे : तो दोन्हीकडून दूर आहे.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी त्या विद्यार्थ्याबरोबर एक साधा हिशेब मांडला. आदल्या दिवशी निघायचे, दुसऱ्या दिवशी रात्री परतायचे. रुग्णाबरोबर एक माणूस हवेच. म्हणजे एका खेपेला दोन माणसांचे दोन दिवस आणि वर्षाच्या बारा खेपांना ४८ मनुष्यदिवस. औषध फुकट मिळाले तरी हे ४८ दिवस, एस.टी.चे भाडे आणि वाटेतले खाणे घरच्यांच्याच पदरचे. आपण ज्याला मोफत उपचार म्हणतो, त्याची किंमत सरकारी दप्तरात शून्य दिसते; कारण ती रुग्णाच्या घरातून परस्पर वसूल झालेली असते. ज्या घरात मजुरी हीच मिळकत, तेथे भातलावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत खेप चुकणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो नाइलाजाने केलेला हिशेब आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमात शासनावर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे : मानसिक आजार असलेल्या कोणाही व्यक्तीला उपचारासाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आदी मनुष्यबळाची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला आणण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करावा, असेही एकतिसाव्या कलमात म्हटले आहे. ती मुदत २०२८ च्या मे महिन्यात संपते. १९१२ च्या ‘वेड्यांच्या कायद्या’पासून १९८७ च्या कायद्यामार्गे आपण येथवर आलो, ही प्रगती निःसंशय मोठी. परंतु कायद्यातील ‘जवळ’ या शब्दाला कशेडीत अद्याप अर्थ यावयाचा आहे.

परिचारिका काय करते?

मनोरुग्णांची परिचारिका म्हटले की दाराला कुलूप लावणारी, गोळी घशाखाली उतरली की नाही ते पाहणारी, धिप्पाड आवाजाची बाई असे चित्र अजूनही डोळ्यांसमोर येते. त्याला इतिहासाचा आधार आहे. जुन्या वेड्यांच्या इस्पितळांत परिचारिकेपेक्षा पहारेकऱ्याचीच गरज मानली जाई. अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात १८८२ मध्ये या कामाचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. १९५२ मध्ये हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेने आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे एक साधन होय. पुढे १९५४ मध्ये इंग्लंडमधील वॉरलिंगहॅम पार्क रुग्णालयाने आपल्या परिचारिका रुग्णांच्या घरी पाठविण्यास आरंभ केला. परिचारिका रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडली, हा या शास्त्रातील खरा बदल.

घरी जाऊन ती काय करते? अंगणातील येरझार आजाराची की औषधाची, हे पाहते. रुग्ण गोळी का टाळतो, ते त्याच्याच तोंडून काढून घेते. दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यावयाचे लांब मुदतीचे इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात देते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला उन्हाळ्यात पाणी आणि मीठ यांचे महत्त्व सांगते व त्याच्या रक्ताची तपासणी चुकू देत नाही. झोप उडाली, बोलणे तुटले, ही आजार उलटण्याची पूर्वचिन्हे आईला ओळखावयास शिकविते. आणि त्या आईचे ऐकून घेते. हे शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित.

ऐकून घेणे ही केवळ माणुसकी नव्हे. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ज्या घरात परततो, तेथे सतत टोचून बोलणे आणि राग असेल तर आजार उलटण्याचा संभव वाढतो, हे ब्राऊन, बर्ले आणि विंग यांनी १९७२ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगढच्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत असे टोचून बोलणे लंडनच्या मानाने कमी आढळले. आपल्या एकत्र कुटुंबाचे हे बळ आहे. परंतु जेथे तरुण मुले मुंबईत आणि गावात एकटी आई, तेथे हे बळ किती काळ पुरणार? थकलेले माणूसच टोचून बोलते. त्याला हात देणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

संशोधनाची साक्ष

परिचारिकेच्या कामाचे मोल भावनेने न ठरविता मोजून ठरवावे, असे कोणी म्हणेल. ते मोजले गेले आहे. पेकेल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये इंग्लंडमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य मनोविकारांच्या रुग्णांची पुढील देखभाल काहींच्या बाबतीत बाह्यरुग्ण विभागातील मनोविकारतज्ज्ञांकडे, तर काहींच्या बाबतीत घरी जाणाऱ्या परिचारिकांकडे सोपविण्यात आली. लक्षणांच्या सुधारणेत फरक पडला नाही. परिचारिकेकडील रुग्ण मात्र अधिक समाधानी होते. पाठोपाठ १९८३ मध्ये त्याच गटाने खर्चाचा हिशेब मांडला, तोही परिचारिकेच्या बाजूचा निघाला.

संशोधनाने या उत्साहाला लगामही घातला आहे, तो विसरता कामा नये. १९९४ मध्ये गुर्ने आणि ब्रुकिंग यांना असे आढळले, की नेहमीच्या डॉक्टरांकडील सौम्य तक्रारींच्या रुग्णांना परिचारिका जोडून दिल्याने विशेष लाभ झाला नाही. उलट, परिचारिका तिकडे वळल्या की गंभीर आजाराचे रुग्ण मागे पडतात. याउलट, ग्रे आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील प्रयोगात परिचारिकांना औषधोपचाराच्या देखभालीचे खास शिक्षण दिल्यावर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची लक्षणे अधिक कमी झाली. तात्पर्य, परिचारिकेचा वेळ दुर्मीळ असेल तर तो प्रथम गंभीर आजाराच्या रुग्णांवर खर्च व्हावा. दुर्मीळ साधनाच्या वाटपाचा हा सिद्धान्त आमच्या शास्त्रात पहिल्याच वर्षी शिकविला जातो.

हे सारे परदेशातील झाले. परंतु पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की जो सातारा जिल्हा लागतो, तेथेही असा एक प्रयोग झाला आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन साथ दिली. वर्षाअखेर या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन केवळ रुग्णालयात जाणाऱ्यांपेक्षा कमी होते. फरक मोठा नव्हता. पण तामिळनाडूच्या ग्रामीण केंद्रात, म्हणजे जेथे इतर सेवा विरळ, तेथे तो ठळक होता. कशेडीसारख्या भागाने यातून काय घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की सर्वसाधारण परिचारिकाच अपुऱ्या असताना ही चैन कशाला? परंतु प्रत्येक परिचारिकेच्या अभ्यासक्रमात मनोरुग्ण परिचर्या हा विषय असतोच. त्यापुढे एक वर्षाची पदविकाही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यातही परिचारिकेला जागा आहे. १९८२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांचे गृहीतच हे, की सेवा तळापर्यंत जावी. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणे नजीकच्या काळात संभवत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील बारा राज्यांत लाखामागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५ पासून केरळात १.२ पर्यंत होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. म्हणून प्रश्न परिचारिका की तज्ज्ञ असा नसून, परिचारिका की कोणीच नाही, असा आहे.

दुसरा आक्षेप दूरध्वनीचा. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ सेवा मोफत मिळते. ती उपयुक्त आहे आणि वाचकांनी तो क्रमांक अवश्य टिपून ठेवावा. परंतु फोनवरून इंजेक्शन देता येत नाही, हाताचा कंप दिसत नाही. आणि जो अबोल झाला आहे तो स्वतः फोन करीत नाही.

तिसरा आक्षेप : लोक भगताकडेच जातात, तेथे परिचारिका काय करणार? लोक भगताकडे जातात, कारण तो वाडीत असतो, रात्री उठून येतो आणि घरच्यांशी बोलतो. यांतील तिन्ही गुण परिचारिकेत येऊ शकतात. श्रद्धेवर हल्ला न करता ‘गाऱ्हाणे घाला, पण गोळी चुकवू नका’ एवढे ती सांगू शकते. मात्र साखळदंडाशी तडजोड नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. माणसाला साखळीने बांधणे आता कायद्याने निषिद्ध आहे.

काय करता येईल?

आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस घरी परततो तेव्हा काम संपत नाही. गोळी रोज घ्यावयाची असते, ती घरीच. तेथून पुढची जबाबदारी तालुक्याच्या आरोग्यव्यवस्थेची.

मागणी मोठी नाही. महाड आणि पोलादपूर येथील सरकारी रुग्णालयांत मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण घेतलेली एकेक परिचारिका असावी. तिला काही वर्षे तरी अन्य विभागात हलवू नये. महिन्याची औषधे आणि इंजेक्शने तालुक्यातच मिळावीत. आशाताईंनी खेप चुकविणाऱ्या रुग्णाची खबर तिला द्यावी, आणि तिने अलिबागच्या तज्ज्ञांना फोन करून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. तिची नोंदवही हेच संशोधनाचे साहित्य व्हावे : किती रुग्णांचे औषध सुटले, का सुटले, पावसाळ्यात किती खेपा चुकल्या, कितींना पुन्हा दाखल करावे लागले. कोकणातील परिचर्या महाविद्यालयांच्या विद्यार्थिनींनी प्रबंधासाठी असे विषय घेतले तर त्यांना परदेशी प्रश्नावल्यांची भाषांतरे करीत बसावे लागणार नाही. या मुलखाला त्याची गरजही अधिक. जुलै २०२१ मध्ये तळीयेची वाडी दरडीखाली गेली, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथेही माणसे गेली. जे वाचले, त्यांना पावसाची रात्र आजही पूर्वीसारखी जात नसेल.

कशेडीचा घाट पूर्वी पाऊण तास खाई. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर बोगद्याचा एक मार्ग हलक्या वाहनांसाठी खुला झाला आणि चाकरमान्यांचा तो वेळ दहा-एक मिनिटांवर आला. वेळ वाचविण्यासाठी डोंगर पोखरणे परवडते, हे आपण मान्य केले आहे. मग एका घरचे ४८ दिवस वाचविणारे एक पद परवडत नाही, असे कोणत्या अर्थशास्त्राने म्हणावे? त्या विद्यार्थ्याच्या भावाचे औषध पुन्हा सुरू झाले आहे. हात अजून थोडे कापतात. विद्यार्थ्याचे यंदा शेवटचे वर्ष आहे. पुढे तो नोकरीसाठी मुंबईस जाईल, तेव्हा भावाबरोबर दवाखान्याची खेप कोण करणार, हे त्याने मला विचारले आहे. उत्तर मी देऊ शकलो नाही. ते शासनाने द्यावयाचे आहे.