पन्नास वॅटचा वायरलेस आणि परभणीचे ऊन

परभणीहून मनमाडकडे निघाले की पेडगावचे स्टेशन लागते. इथे गाडी थांबते तेव्हा इंजिनातला चालक, शेवटच्या डब्यातला गार्ड (रेल्वे त्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणते) आणि स्टेशनमास्तर वायरलेसवर बोलून घेतात. गाडी पुढे जाते ती अर्थातच सिग्नलवर. चालक-गार्डच्या हातातला वॉकीटॉकी ५ वॅटचा असतो आणि स्टेशनातल्या टेबलावरचा सेट सहसा २५ वॅटचा. पोलिसांच्या जीपमध्ये किंवा परवानाधारक हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) गाडीत डॅशबोर्डखाली बसवलेला मोबाइल सेट ही तिसरी जात. हॅम वापरतात त्या आयकॉम, केनवूड, येसू यांच्या अनेक सेटांत ५० वॅटपर्यंत ताकद असते. विकत घेणारा पहिल्यांदा हा वॅटचा आकडा विचारतो. माझ्या मते त्याने आधी विचारावे, की हा सेट स्वतःला कसा जपतो? मराठवाड्यात तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे.

थोडा हिशेब करू. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १३.८ व्होल्ट असतात. ५० वॅट बाहेर फेकताना असा सेट साधारण ११ अँपिअर ओढतो, म्हणजे १५० वॅटच्या आसपास. त्यातले ५० अँटेनाकडे गेले, उरलेले शंभर उष्णता होऊन सेटच्या अंगातच राहिले. जुना १०० वॅटचा बल्ब एका छोट्या डब्यात कोंडून ठेवल्यासारखी ही गत असते. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि उन्हात उभ्या जीपचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. सेटच्या पाठीवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांनी ही उष्णता सोडायची तर कुठे?

म्हणून आत तापमान मोजणारा घटक असतो. उष्णता ठरावीक मर्यादेबाहेर गेली की पंखा जोरात फिरतो, तेवढ्याने भागले नाही तर सेट आपणहून ताकद खाली आणतो. पुष्कळांना वाटते सेट बिघडला. बिघडलेला नसतो, त्याने आउटपुट ट्रान्झिस्टर वाचवलेला असतो. अशा वेळी माईक ठेवून द्यावा, सेट बंद न करता पंखा फिरू द्यावा. बसवतानाच पाठीमागे चार बोटे मोकळी जागा सोडली आणि सीटखाली कोंबण्याचा मोह टाळला, तर ही वेळ कमी येते.

दुसरा धोका अँटेनाचा. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव-तरंग अँटेना जेमतेम ५० सेंटिमीटरची असते आणि तिला खाली छपराचा पत्रा लागतो. ती तुटली, केबलच्या जोडात पावसाचे पाणी गेले किंवा कुणी अँटेना न लावताच बटण दाबले, तर निघालेली ऊर्जा परत फिरते आणि ट्रान्झिस्टरवरच आदळते. चांगला सेट ही परतलेली ऊर्जा ओळखतो आणि ताकद कमी करतो. पण हे संरक्षण दर वेळी पुरेल अशा भरवशावर राहू नये. पावसाळ्याआधी जोड उघडून पाहावा. आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी पडली असेल तर केबल बदलावी आणि नव्या जोडावर पाणीरोधक टेप घट्ट गुंडाळावी.

तिसरे रक्षण माईकचे, आणि मला ते सगळ्यांत आवडते. माईक सीटवर टाकला, त्यावर पिशवी पडली आणि बटण दाबलेलेच राहिले, की तो चॅनेल सगळ्यांसाठी बंद. बाकीच्यांना फक्त इंजिनाची घरघर ऐकू येते, आणि ज्याचा माईक अडकला त्याला काही सांगायलाही मार्ग नाही, कारण पाठवताना त्याचा सेट ऐकत नसतो. यावर उपाय म्हणजे वेळमर्यादा, सेटच्या भाषेत टाइम-आउट टायमर. ठरवून दिलेली मिनिटे उलटली की प्रसारण आपोआप तुटते. ही सोय मेनूत असते आणि अनेकदा बंदच राहते. तीन मिनिटांवर लावून ठेवावी. शेजारीच 'चॅनेल चालू असेल तर पाठवू नको' अशी कुलूपसोय मिळते, तीही गटात काम करणाऱ्यांनी लावावी. मात्र आणीबाणीत मध्ये बोलायची वेळ येऊ शकते, म्हणून ती काढायची कशी हे प्रत्येकाला ठाऊक हवे.

विजेच्या बाजूला सगळ्यांत स्वस्त रक्षक म्हणजे फ्यूज. वायर थेट बॅटरीपासून आणावी, फ्यूज बॅटरीजवळ असावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर एवढा प्रवाह टाकू नये, ते सॉकेट त्यासाठी नाही. उलटी जोडणी झाली तर बहुतेक सेटांत फ्यूज उडून आतले वाचते, म्हणूनच जाड तार लावून फ्यूज 'पक्का' करणे म्हणजे सेटचा बळी देणे. जीप आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, पण ट्रक आणि मोठ्या बसची २४ व्होल्टची. तिथे व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागतोच. ट्रॅक्टरला स्टार्टर मारण्याआधी सेट बंद ठेवावा.

आता पल्ल्याकडे येऊ, कारण ताकदीचा हट्ट तिथूनच येतो. सपाट मुलखात या सेटांच्या लहरी क्षितिजाच्या थोड्याच पुढे जातात. १६ मीटर उंच खांबावरची अँटेना आणि जीपच्या टपावरची २ मीटर उंचीची अँटेना यांच्यात हिशेबाने सुमारे २२ किलोमीटरचा पल्ला मिळतो. खांब २५ मीटर केला की तो २६ होतो. आणि ताकद? १० वॅटवरून ५० वर गेल्यास समोरच्याला मिळणारा संकेत ७ डेसिबलने वाढतो, मीटरवर जेमतेम एक पायरी. त्यासाठी उष्णता मात्र कितीतरी जास्त सोसावी लागते. पेडगावच्या शिवारात खांब उंचावणे हा जास्त शहाणपणाचा खर्च आहे.

संकटात तर कमी ताकदीचे महत्त्व आणखी पटते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकारी हॅमनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोहोचवले. तसे काम तासन्‌तास चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये परभणी, हिंगोली, नांदेडला अतिवृष्टीने झोडपले, तेव्हा गावोगावचे रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा वेळी मोबाइल टॉवरची वीज गेली, तर जीपच्या बॅटरीवर चालणारा सेट कामी येतो, पण कमी ताकदीवर, थोडक्यात बोलत वापरला तरच तो आणि बॅटरी दोन्ही टिकतात.

शेवटी कायद्याचे. असा मोबाइल सेट विनापरवाना चालवता येत नाही. हॅमचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येतो. परवान्याशिवाय वापरायची मुभा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या हँडसेटांना आहे. ऑनलाइन दिसणारा प्रत्येक सेट त्यात बसत नाही, म्हणूनच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पेडगाव-परभणी परिसरातल्या शिक्षकांनी आणि तरुणांनी परीक्षा द्यावी, सेट नंतर घ्यावा, आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी त्याचे माहितीपुस्तक उघडून टाइम-आउट टायमर आणि कमी ताकदीचे बटण आधी शोधावे.