विजेचे बिऱ्हाड ओसरीवर

चांदीचे एक भांडे घ्यावे, वीज वाहून जाणार नाही अशा बैठकीवर ते ठेवावे आणि त्याला विद्युत्‌भार द्यावा. मग रेशमी दोऱ्याला बांधलेली बुचाची गोळी त्यात सोडावी. बाहेरून जवळ नेली असता हीच गोळी भांड्याकडे झेप घेते. आत मात्र ती निवांत लोंबकळत राहते. तळाला टेकवून बाहेर काढली तरी तिच्यावर विजेचा मागमूस नाही! १७५५ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने हा प्रयोग केला आणि बुचाच्या गोळीने त्या हुशार गृहस्थाला बुचकळ्यात टाकले.

कारण उमगेना, तेव्हा त्याने आपला स्नेही जोसेफ प्रीस्टली याला प्रयोग करून पाहावयास सांगितले. प्रीस्टली पेशाने धर्मोपदेशक. पण त्याला न्यूटन आठवला. पोकळ गोलाच्या आत कोठेही गेले तरी त्या गोलाचे गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, सर्व बाजूंच्या ओढी एकमेकींना छेद देतात, असे न्यूटनने दाखविले होते. मग विजेचेही तसेच असणार, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तिचा जोर चौथाई होत असणार, असा तर्क प्रीस्टलीने १७६७ मध्ये छापून टाकला. पुढे हेन्री कॅव्हेंडिशने तो मोजमापाने पडताळला. पण हा विलक्षण लाजाळू मनुष्य आपले कागद कपाटातच ठेवून वारला, आणि ते मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रकाशात आणले. तोवर नियमाला कूलोंबचे नाव पडून गेले होते.

धातूत विद्युत्‌भाराला हिंडण्याची मोकळीक असते. सजातीय भार म्हणजे तर नुसते भाऊबंद: एकमेकांपासून जितके लांब राहता येईल तितके बरे! आत थोडा जरी रेटा शिल्लक असला, तरी भार हलत राहणार. हालचाल थांबली याचा अर्थच असा की, आतला रेटा शून्य झाला आणि सारे बिऱ्हाड बाहेरच्या पृष्ठभागावर आले. गोल गोळ्यावर ही वाटणी सारखी होते. वस्तू लांबट असली तर टोकांशी दाटी होते, आणि अणकुचीदार असली तर टोकावर एवढी गर्दी होते की, भार हवेत निसटू लागतो.

हे सारे अंगावर घेऊन पाहिले ते मायकेल फॅरडेने. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला. १८३६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला, तो तारांनी आणि धातूच्या पातळ पत्र्याने मढविला, आणि पेटत्या मेणबत्त्या व विद्युत्‌मापक घेऊन स्वतः आत गेला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत मापकाची पाने हलली नाहीत.

गडगडाटात बंद मोटारीत बसलेला माणूस बचावतो तो याच कारणाने. श्रेय रबरी चाकांना देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ढगापासून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडविणार? वाचविते ते पत्र्याचे कवच. म्हणून काचा लावून, दाराच्या धातूला न टेकता बसावे. कापडी छपराची रिक्षा किंवा चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड हे काम करू शकत नाही. झाडाखालचा आडोसा तर सर्वांत घातकी.

आता टोकांची गोष्ट. इमारतीवरची तडितरक्षक सळई अणकुचीदार असावी, असे फ्रँकलिनचे मत. बेंजामिन विल्सन म्हणे, बोथट बरी. १७७७ मध्ये पर्फ्लीट येथील दारूकोठारावर टोकदार सळया असूनही वीज पडली. नुकसान किरकोळच झाले, पण तंटा पेटला. फ्रँकलिन त्या वेळी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील शत्रू! तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या वाड्यावर बोथट सळया बसविल्या. शास्त्रात राजकारण शिरले की असेच व्हायचे. गंमत अशी की, न्यू मेक्सिकोतील डोंगरावर सात वर्षे चाललेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीज पडली ती बोथट सळयांवर. शेजारच्या अणकुचीदार सळयांवर एकदाही नाही. त्यांच्या टोकांतून निसटलेला भार भोवतालच्या हवेत पसरतो आणि सळईलाच झाकून टाकतो.