आवाजाची पारख

सोनें कसोटीच्या दगडावर घासून पाहतात. आवाज कशावर पाहावा? त्याची खरी कसोटी माणसाचा कान. परंतु हा कानही सहज फसतो, असें आम्हांस नुकतेंच अनुभवास आलें.

दूरध्वनीवर आपला आवाज आतां अंकरूपानें जातो. दर सेकंदास ८,००० वेळां त्याचें माप घेऊन प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे शून्य व एक यांच्या ८ खुणांत लिहिलें, तर सेकंदास ६४,००० बिट होतात. ही रीत १९७२ सालीं ठरली. बिनतारी मार्गास हा भार जड पडतो. म्हणून आवाज आटवून धाडतात व पलीकडे पुन्हां मोकळा करतात. या योजनेस कोडेक म्हणतात. जी. एस. एम. मोबाइलचा पहिला कोडेक सेकंदास १३,००० बिटांत काम भागवी. ‘कोडेक-टू’स तर ७०० बिटही पुरतात. दूध आटवितांना पाणी जातें. आवाज आटवितांना काय जातें, हें ऐकल्यावांचून कळत नाहीं.

आम्हीं एकच वाक्य निरनिराळ्या कोडेकांतून काढून ऐकलें. पहिल्या खेपेस नमुन्यांवर नांवें होतीं. अधिक बिटांच्या नमुन्यास आम्हीं न चुकतां अधिक गुण दिले. दुसऱ्या खेपेस नांवें झांकलीं, क्रम बदलला व एक नमुना मुद्दाम दोनदां ठेवला. त्या एकाच नमुन्यास आमचे गुण दोन वेळां निरनिराळे पडले! पहिल्या खेपेस आम्हीं कानांनीं नव्हे, डोळ्यांनीं ऐकलें होतें.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९६ च्या शिफारशीप्रमाणें अनेक श्रोते ५ (उत्कृष्ट) पासून १ (वाईट) पर्यंत गुण देतात व त्यांची सरासरी काढतात. नमुन्यांत स्त्री-पुरुष दोघांचेही आवाज हवेत. एका गळ्यास मानवणारा कोडेक दुसऱ्यास मानवेलच असें नाहीं.

शिवाय आवाज गोड लागणें निराळें व शब्द कळणें निराळें. जुन्या दूरध्वनींत सेकंदास सुमारें ३,४०० कंपनांवरचा ध्वनि गाळला जाई. ‘स’ची धार बरीचशी त्याच्याही वर असते. मग ‘सार’ कीं ‘फार’, असा घोटाळा होतो. आजीस औषधाची मात्रा दूरध्वनीवरून सांगतांना अशी चूक हंसण्यावारी नेतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रयोग घरीं आईवडिलांसह अवश्य करा. मात्र नांवें झांकूनच. नांव पाहून निर्णय देण्याची संवय केवळ कानांचीच नसते.