गंज विकत घेताना

जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करायला म्हणून घ्यायची असेल, तर रंग उडालेली घ्यावी. ऐकायला उफराटं वाटतं, पण इंग्लंडमध्ये जॅग्वार ई-टाइपच्या धंद्यात मुरलेली माणसं हेच सांगतात. गंजलेल्या गाडीचं दुखणं उघड्यावर असतं. नुकत्याच रंगवलेल्या गाडीचं दुखणं कळतं ते पैसे मोजून झाल्यावर. आणि खरं सांगायचं तर ई-टाइपच्या बाबतीत ही झाकपाक तिच्या बारशापासूनची आहे.

१५ मार्च १९६१. जिनिव्हात जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स पत्रकारांना नवी गाडी दाखवणार होते आणि गाडीचाच पत्ता नव्हता. ‘९६०० एचपी’ या क्रमांकाची करडी कूपे (इथे एचपी म्हणजे अश्वशक्ती नव्हे, नोंदणीची अक्षरं) कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी बॉब बेरी कॉव्हेंट्रीहून स्वतः चालवत आणत होता. तो पोहोचला कार्यक्रमाच्या जेमतेम काही मिनिटं आधी. घाईघाईने धुऊन-पुसून गाडी कॅमेऱ्यांसमोर उभी राहिली. मग फेरी मारायला अशी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. कॉव्हेंट्रीला निरोप गेला आणि मुख्य चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस दुसरी, उघड्या टपाची ‘७७ आरडब्ल्यू’ घेऊन निघाला. रात्रभर गाडी हाकत सकाळी जिनिव्हात हजर!

ताशी दीडशे मैलांचा तो गाजलेला वेगही याच दोन गाड्यांचा. ‘ऑटोकार’ने कूपेचा वेग १५०.४ मैल मोजला, ‘द मोटर’ने उघड्या गाडीचा १४९.१. मात्र पत्रकारांच्या हाती देण्याआधी कारखान्याने त्यांच्यावर खास हात फिरवला होता आणि टायरही रेसिंगचे होते. गिऱ्हाइकाने शोरूममधून आणलेली ई-टाइप सहसा तिथवर पोहोचत नसे. पण सव्वाबावीसशे पौंडांच्या आत असली गाडी मिळत असताना दहा मैलांसाठी भांडतो कोण?

पुढे या दोन्ही गाड्या चारचौघींसारख्या सेकंडहँड म्हणून विकल्या गेल्या. हातोहाती फिरून खिळखिळी झालेली ९६०० एचपी १९७७ साली लेखक फिलिप पोर्टर यांनी घेतली. दुरुस्त होऊन ती पुन्हा रस्त्यावर यायला त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेला. जॅग्वारवर पुस्तकं लिहिणाऱ्याची ही गत, तर हौशी माणसाचं काय? इंग्लंडातल्या कितीतरी शेडमध्ये आजही अर्धवट उघडलेल्या ई-टाइप पडून आहेत. बोल्ट डब्यात, डब्यावरची चिठ्ठी उंदरांनी खाल्लेली. असा ‘अपुरा प्रकल्प’ स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी ज्याने उघडली त्यालाच ती जोडता येते, आणि बहुधा त्यालाही येत नाही.

आता गाडीखाली जाऊ. या गाडीला सलग चासी नाही. माणसं बसतात तो पत्र्याचा खोका आणि त्याच्यापुढे बोल्टने जोडलेला चौकोनी नळ्यांचा सांगाडा. इंजिन त्यात बसतं. आकार देणारा माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला, त्यामुळे बांधणीही विमानी: हलकी, मजबूत आणि पाण्याशी जन्माचं वैर. नळ्या रेनॉल्ड्स ५४१ जातीच्या पोलादाच्या. त्या आतून सडतात आणि वरचा रंग शाबूत राहतो. जाणकार बोटांनी टिचक्या मारत आवाज ऐकतो. बद्द आवाज आला की पुढची घासाघीस वेगळ्याच सुरात होते.

दाराखालच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, खोक्याची सगळी ताकद. त्या कुजल्या की गाडी मधोमध वाकते. परीक्षा सोपी आहे: दार उघडावं, गाडी जॅकवर घ्यावी आणि दार पुन्हा लावून पाहावं. अडकलं, तर पैसे खिशात ठेवून चहा प्यायला जावं. बिलंदर विक्रेता या सिलवर नवा पत्रा चढवतो. आतला कुजका तसाच, वरून लांबी भरून पॉलिश. म्हणून अनुभवी माणसाच्या खिशात चुंबक असतो. लांबीवर तो चिकटत नाही. गंमत म्हणजे कारखान्यातही काही सांधे शिशाने भरून गुळगुळीत केलेले असत, आणि शिशालाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा कारखान्याने कुठे भरलं आणि डेंटरने कुठे, हे पाठ असलेल्यालाच चुंबकाचा उपयोग.

मागचे ब्रेक चाकांपाशी नाहीत, आत डिफरन्शियलला खेटून आहेत. त्यांचं काम नीट करायचं तर मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो. साहजिकच बहुतेक मालकांनी ते ‘पुढच्या वर्षी’वर टाकलेलं असतं.

पत्र्यानंतर कागद. चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे आकडे कारखान्याच्या वहीशी जुळले तर किंमत चढते. जॅग्वारचा वारसा विश्वस्त निधी तसा दाखला देतो. पण क्रमांकाची पट्टी नवी कोरी विकत मिळते आणि रिव्हेट मारायला दोन मिनिटं लागतात. म्हणून मुरलेला माणूस पट्टीकडे न बघता खुणा बघतो. अगदी पहिल्या सुमारे ५०० गाड्यांची बोनेटची कुलपं बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडत. सुरुवातीच्या गाड्यांची जमीन सपाट होती. उंच माणसांचे गुडघे आखडायला लागले तेव्हा कारखान्याने पाय ठेवायला खळगे दिले. सपाट जमिनीची गाडी आज महाग. कधीकाळी आपल्याच सोयीसाठी खळगे पाडून घेतलेल्या मालकांचा संताप कल्पनेनेच जाणावा.

मूळ गाडी म्हणजे तरी नेमकं काय, याचा कस लिंडनरच्या गाडीने लागला. जॅग्वारने १९६३पासून शर्यतींसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप बांधल्या. त्यांपैकी एक जर्मन चालक पीटर लिंडनरकडे होती. ऑक्टोबर १९६४मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या शर्यतीत भीषण अपघात झाला. लिंडनरसह आणखी काही जण दगावले. पुढे त्या गाडीला नवं शरीर चढवण्यात आलं आणि चुरगळलेलं मूळ ॲल्युमिनियम बाजूला राहिलं. अनेक वर्षांनी ब्रिजनॉर्थच्या ‘क्लासिक मोटर कार्स’च्या कारागिरांनी तेच चुरगळलेलं धातुकाम पुन्हा सरळ केलं. गाडीवर सुमारे ७,००० तास खर्ची पडले. नवा पत्रा कितीतरी स्वस्तात पडला असता, पण मग ती गाडी लिंडनरची उरली नसती. उलट टोकाची गोष्टही जॅग्वारच्याच घरची. हलक्या गाड्यांसाठी अठरा क्रमांक राखलेले होते, गाड्या झाल्या बाराच. उरलेले सहा क्रमांक २०१४मध्ये वहीतून काढून कंपनीने त्यांवर सहा कोऱ्या गाड्या बांधायला घेतल्या. शुद्धतेचे आग्रही अजून त्यावर वाद घालतात.

धूळसुद्धा विकली जाते, हे पॅरिसने दाखवलं. फ्रान्समधल्या रोजे बायों या वाहतूक व्यावसायिकाच्या शेडमध्ये मासिकांच्या थप्प्यांखाली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली. कधीकाळी अभिनेता ॲलन डेलॉनकडे असलेली. लिलाववाल्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये लिलावाच्या शुल्कासह ती सुमारे १.६ कोटी युरोंना विकली गेली. दुरुस्तीला हात न लावण्याचाच भाव.

ई-टाइपचा मोडका सांगाडा शोधणाऱ्याला आता आणखी एक स्पर्धक आहे: खुद्द जॅग्वार. कंपनी २००८पासून टाटांची. २०१७मध्ये तिच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने जुन्या ई-टाइप स्वतःच विकत घेऊन, कारखान्यात उभ्या करून विकायची योजना काढली. पहिली गाडी १९६५ची, कॅलिफोर्नियातून आणलेली. तिकडच्या कोरड्या हवेत सीटचं कातडं भाजून निघतं, पत्रा मात्र टिकतो. किंमत तेव्हा २,८५,००० पौंडांपासून होती. गॅरेजवाल्यांनी यावर नाकं मुरडली खरी, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपापली दरपत्रकं नव्याने छापून घेतली असावीत, असा माझा दाट संशय आहे.