‘अ’ की ‘अ‍ॅन’? आधी कानाला विचारा

इंग्रजीच्या तासाला मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांत ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ यांचा नंबर नेहमी पहिला. मुलंच कशाला, शिक्षकांच्या खोलीतही यावर वाद होतात. शाळेचा एखादा अर्ज इंग्रजीत लिहायला घेतला की पहिल्याच ओळीला गाडी अडते : आमची शाळा ‘अ उर्दू स्कूल’ की ‘अ‍ॅन उर्दू स्कूल’? कोणीतरी म्हणतं, ‘अ युनिव्हर्सिटी’ लिहितात ना, मग यू अक्षराला ‘अ’च लागणार.

बरोबर उत्तर ‘अ‍ॅन उर्दू स्कूल’. घोळ होतो तो आपल्याच शिकवण्यामुळे. ‘ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी अ‍ॅन’ असं आपण पाठ करून घेतो. नियम मात्र अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. ‘उर्दू’चा उच्चार ‘उ’ या स्वराने सुरू होतो, ‘युनिव्हर्सिटी’चा ‘य’ने. म्हणून हकीमसाहेब ‘अ युनानी डॉक्टर’ आणि त्यांच्या शेजारचे डॉक्टर ‘अ‍ॅन एमबीबीएस डॉक्टर’. ‘अवर’ म्हणजे तास, त्यातला एच मुका, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘वन’ ओ अक्षराने लिहितात, पण बोलताना ‘व’ येतो, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’. बी.एड. झालेले शिक्षक ‘अ बी.एड. टीचर’ आणि एम.एड. झालेले ‘अ‍ॅन एम.एड. टीचर’, हे सांगितलं की वर्ग हसतो आणि नियम लक्षात राहतो.

‘द’ जास्त छळतो, कारण उर्दूत किंवा मराठीत असा शब्दच नाही. ‘किताब दो’ किंवा ‘पुस्तक दे’ म्हटलं की कोणतं पुस्तक ते प्रसंगावरून कळतं. त्यामुळे मुलं एक तर ‘द’ गाळतात, नाहीतर मीठ भुरभुरावं तसा सगळीकडे टाकतात. पण मकतबमध्ये जाणाऱ्या मुलांकडे एक शिदोरी असते, तिचा उपयोग आपण करत नाही. अरबीत ‘किताबुन’ म्हणजे कोणतंही एक पुस्तक आणि ‘अल्-किताबु’ म्हणजे ठरावीक, माहीत असलेलं पुस्तक. हा ‘अल्’ म्हणजे बराचसा इंग्रजीतला ‘द’.

गंमत पुढेच आहे. ‘अल्’ लिहायचा एकसारखा, पण बोलताना बदलतो : अल्-कमर, पण अश्-शम्स. हजेरीतली नावं बघा. अब्दुल करीम आणि अब्दुर्रहमान, दोन्हींत तोच ‘अल्’. करीमच्या आधी तो ऐकू येतो, रहमानच्या आधी ‘र’मध्ये मिसळून जातो. इंग्रजीत ‘द’चंही स्पेलिंग तेच राहतं, ‘बुक’आधी ‘द’ आणि ‘अ‍ॅपल’आधी ‘दि’ असं बोलतात. (आपल्याकडच्या बँकांच्या पाट्यांवर मात्र पुढे काहीही असो, ‘दि’च असतो!) ज्या मुलाची जीभ हे शम्सी-कमरी न अडखळता सांभाळते, त्याला ‘तुला इंग्रजी जमणार नाही’ असं म्हणणं बरं नव्हे.

आणखी एक प्रश्न अम्मी-अब्बूंकडूनही येतो : ‘गो टु स्कूल’ की ‘गो टु द स्कूल’? मुलगी शिकायला जाते तेव्हा ‘शी गोज टु स्कूल’. अब्बू सरांना भेटायला त्या इमारतीत गेले तर ‘ही वेन्ट टु द स्कूल’. जागा ज्या कामासाठी आहे त्याच कामाला गेलं की ‘द’ गळतो; ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला ‘गोज टु चर्च’. मग मशिदीचं काय? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. तिथे ही सवलत नाही. नमाजला गेलात तरी ‘द मॉस्क’च म्हणतात. याला कारण शोधू नये, रूढी आहे.

घरात मूल इंग्रजी बोलू लागलं की ‘द’ राहिला म्हणून त्याला मध्येच अडवू नका. ‘आय रेड बुक’ यातून अर्थ पोहोचतो. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या, मग तेच वाक्य तुम्ही सहज ‘द’ घालून म्हणा : ‘अच्छा, यू रेड द बुक?’ चारदा ऐकलं की पाचव्यांदा मूल स्वतःच म्हणतं. ज्या अम्मीला इंग्रजी येत नाही, तिने मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावावा आणि ‘द’ कुठे आला, ‘दि’ कुठे आला ते बोटांवर मोजायला सांगावं.