पडद्यावर राबणारे हात

गेल्या पावसाळ्यापासून शनिवारची रात्र मी मराठी सिनेमासाठी राखून ठेवली. आठवड्याला एकच, आणि तोही मध्येच न थांबवता. एका बैठकीला दोन-तीन पाहिले की त्यांची सरमिसळ होते. एकच पाहिला की पुढचा शनिवार येईपर्यंत तो लोकलमध्ये, ओट्याशी, रात्री डोळा लागायच्या आधी सोबत राहतो. क्रम काही पाळला नाही. जे हाती लागलं, जे कुणी आवर्जून सांगितलं, ते पाहत गेले. रविवारी सकाळी चहासोबत वहीत चार ओळी लिहायच्या, एवढा नेम मात्र ठेवला.

ती वही आता सलग वाचली तेव्हा दिसलं, की कथानकं मी फारशी उतरवलेलीच नाहीत. पानोपानी लिहिलंय ते पडद्यावर कोण काय काम करत होतं याबद्दल. कुणाचे हात कशात गुंतले होते. बघता बघता सिनेमा पारखायची माझी ही कसोटीच होऊन बसली, आणि ती मला पटतेही. ज्यांना मी पडद्यावर खरोखर राबताना पाहते, त्यांच्या दुःखावर माझा विश्वास बसतो.

हे सुरू झालं ‘संत तुकाराम’पासून. प्रभातचा १९३६ सालचा हा चित्रपट, दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा लहानपणापासून मनात होता. या खेपेला मात्र नजर त्याच्या बायकोवरून, गौरी यांच्या आवलीवरून हटेना. म्हैस, चूल, पोरं, रिकामी भांडी. तिचं तोंड सुरू असतं आणि हातही सुरू असतात. आजारी मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि साक्षात विठोबावर पायताण उगारते, तेव्हा शेजारी बसलेली आई म्हणाली, “बरोबरच आहे तिचं. देवाने घरात दाणा तरी ठेवायचा होता.” शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात आणि आवली खाली, जमिनीवर राहते. गौरी प्रभातमध्ये आल्या त्या झाडलोटीच्या कामाला, असं सांगतात. आवलीच्या प्रत्येक हालचालीत ती सवय दिसते. आणि तिला तसं पाहू शकणारे दिग्दर्शकही कारागीरच होते: विष्णुपंत दामले ध्वनीचे जाणकार, शेख फत्तेलाल कलादिग्दर्शक, दोघंही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले.

पेंटरांचा १९२५चा मूक ‘सावकारी पाश’ मला पाहायचा होता. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणीत मजूर होतो, ती गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. तो चित्रपट आज उरलेला नाही. आपल्या मूकपटांतले बहुतेक असेच गेले. शेत आणि गिरणी यांच्यामधला तो माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पडद्यावर आणला होता आणि आपण त्याला जपू शकलो नाही, याची हळहळ त्या आठवड्यात गेलीच नाही.

मधले काही शनिवार हलके गेले. ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा पाहिला, मनापासून हसले. त्या धमालीच्या तळाशी डोक्यावर छप्पर मिळवण्याची धडपड आहे, म्हणून तो १९८८पासून आजवर टिकला असावा. तमाशापट पाहिले, पण फडावर राबणाऱ्या बाईपेक्षा तिच्या मोहात पडणाऱ्या पुरुषाकडेच त्यांचं लक्ष जास्त, असं वाटत राहिलं.

हिवाळ्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिला. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. अमृता सुभाष यांनी साकारलेली माहुताची बायको या अनोळखी म्हाताऱ्याला जेवू घालते, सांभाळते. तो कोण, कुठला, हे तिला ठाऊक नाही. इथे माया म्हणजे अंगमेहनत आहे. डॉ. मोहन आगाशे तिच्या हाती स्वतःला ज्या विश्वासाने सोपवतात, ते पाहताना रडू आवरलं नाही.

‘फँड्री’मध्ये हीच मेहनत लाज होऊन येते. डुकरं पकडायचं काम शाळकरी जब्याच्या घराण्यावर लादलेलं आहे, आणि ते करायचं कुठे, तर शाळेच्या पटांगणालगत, वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांदेखत. त्याचा बाप, किशोर कदम यांचा कचरू, धावतो, पडतो, लेकावर खेकसतो. डुक्कर आवाक्यात येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. नागराज मंजुळे हा पाठलाग लवकर संपवत नाहीत. आपल्याला बघे करून कठड्यावर बसवतात, आणि शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्याच दिशेने येतो.

वहीतली सर्वांत जास्त पानं मात्र ‘कोर्ट’ने घेतली. चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात, हलवत नाहीत. खटला एका लोकशाहिरावर. आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि नवऱ्याचं काम सांगते. आत विषारी वायू आहे का हे तो झुरळांवरून ओळखायचा, वास सोसावा म्हणून दारू प्यायचा. मुखवटा नाही, हातमोजे नाहीत. कुठेही आवाज न चढवता ती हे सांगते. पुढे शाहिराचे वकील तिला गाडीतून सोडायला जातात तेव्हा ती त्यांच्याकडे मागते ते काम. ते पैसे देऊ करतात. ती घेत नाही. आणि या वकिलांच्या विरुद्ध बाजूला सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कलमं घडाघडा वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते, घरच्यांना वाढते. तिच्या कलमांचा मला संताप येतो आणि तिच्या थकव्याशी माझी ओळख आहे. एकाच माणसाबद्दल हे दोन्ही वाटायला लावणारे सिनेमे फार थोडे असतात.

‘सामना’ शेवटी शेवटी पाहिला. निळूभाऊंचा हिंदुराव, डॉ. लागूंचे मास्तर आणि तेंडुलकरांची लेखणी. १९७५ साली जब्बार पटेलांनी सहकारातली सत्ता ज्या धैर्याने उघडी केली, त्याला आजही तोड नाही. पण हिंदुरावाचा साखर कारखाना ज्यांच्या जिवावर चालतो ते हात या वर्षभरात मला कुठेच धड दिसले नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते, मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते, पोरांची शाळा मागे राहते. मला तो सिनेमा हवाय. पहाटेच्या थंडीत फडात शिरणारी, मोळी बांधून डोक्यावर घेणारी, अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई त्यात असावी. आणि तिला चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा सगळा वेळ कॅमेरा तिच्यावरच असावा.